वाचकांचे प्रश्न : एसएस, एएस आणि तो 'एका इंजेक्शनवाला' व्हिडिओ

मागच्या अंकात सिकलसेलवर जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं आणि पत्रं, मेसेज, व्हॉइस नोट असं सगळं मिळून इतकं आलं की या वेळचा पूर्ण कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. मधुमेहवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत थांबा, तुमचा नंबर धरून ठेवलाय. नवीन वाचकांसाठी एका ओळीत: सिकलसेल हा लाल रक्तपेशी वाकड्या करणारा आनुवंशिक आजार, आईबाप दोघांकडून त्याचा जीन (एस) आला तर एसएस म्हणजे आजार, एकाकडूनच आला तर एएस म्हणजे नुसता वाहक, आणि कोणाकडूनच नाही तर एए. नावं कोणाचीच छापत नाहीये, सिकलसेलचं नाव निघालं की गावात काय बोलतात ते मला माहितेय.

"मॅडम, माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, एसएस पॅटर्न. दर दोन-तीन महिन्यांनी हातपाय इतके दुखतात की रात्रभर रडतो, शाळा बुडते. भाच्याने व्हिडिओ पाठवला की अमेरिकेत एक इंजेक्शन निघालं, त्याने सिकलसेल कायमचा जातो. आमची दीड एकर धानाची शेती आहे. विकली तर होईल का?" (भंडारा जिल्हा)

ताई, शेती विकू नका. हे पहिलं लिहिते मग बाकीचं, कारण खाली मी खूप लांबण लावणारे आणि मधेच कोणी वाचन सोडलं तरी एवढं तरी डोक्यात राहावं.

व्हिडिओ पूर्ण खोटा नाहीये, हीच तर पंचाईत आहे. उपचार खरा आहे, नाव कॅसगेव्ही. ब्रिटनने 16 नोव्हेंबर 2023 ला परवानगी दिली आणि अमेरिकेने 8 डिसेंबर 2023 ला, बारा वर्षांच्या पुढच्या पेशंटसाठी. पण ते 'एक इंजेक्शन' नाही हो. आधी पेशंटच्या रक्तातून मूळ पेशी काढतात, त्यासाठी मशीनला जोडून बसवतात, कधी कधी दोन-तीन वेळा. त्या पेशी लॅबमध्ये जातात, तिथे क्रिस्पर नावाच्या कात्रीने त्यांच्यातला एक जीन कापतात, याला महिने लागतात. मग पेशंटला जोरदार केमो देऊन हाडातली जुनी मज्जा रिकामी करतात आणि तेव्हा कुठे त्या दुरुस्त पेशी सलाईनसारख्या शिरेतून परत सोडतात. त्यानंतर महिना-दीड महिना दवाखान्यात. केमोमुळे केस जातात, तोंड येतं, पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. व्हिडिओत फक्त ती शेवटची पिशवी दाखवतात, म्हणून इंजेक्शन वाटतं.

आणि किंमत 22 लाख डॉलर. तेव्हाच्या भावाने अठरा कोटी रुपयांच्या वर. दीड एकर धान काय, अख्ख्या गावाचं शिवार विकलं तरी पुरायचं नाही.

आता यातली गंमत सांगते, म्हणजे मुलगा विचारेल तेव्हा तुम्हाला सांगता येईल. आपल्या शरीरात जी सूचना लिहिलेली असते ती साधारण तीनशे कोटी अक्षरांची. सिकलसेलमध्ये त्यातलं एकच अक्षर बदललेलं असतं, जीएजी असायला हवं तिथे जीटीजी. आधार कार्डावर एका अक्षराने नाव चुकलं की किती फेऱ्या माराव्या लागतात, तसंच हे, फक्त फेऱ्या आयुष्यभराच्या. त्या एका अक्षरामुळे हिमोग्लोबिन चिकट होतं, ऑक्सिजन कमी पडला की त्याच्या काड्या बनतात आणि गोल मऊ लाल पेशी इळ्यासारखी वाकडी, कडक होते. बारीक नसांत त्या अडकतात, पुढचं रक्त थांबतं, तीच तुमच्या मुलाची रात्रीची दुखण.

तर सगळ्यांना वाटतं की क्रिस्परने ते चुकलेलं अक्षर बरोबर केलं. नाही! कॅसगेव्ही त्या अक्षराला हातच लावत नाही. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात ही चूक नसते. जन्मानंतर काही महिन्यांत ते दुकान बंद होतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन सुरू होतं. ते शटर खाली ओढणाऱ्या जीनचं नाव बीसीएल11ए. क्रिस्पर त्या शटरवाल्याला रक्ताच्या पेशींपुरतं कामावरून काढून टाकतं, बस. शटर उघडं राहतं, बाळपणीचं हिमोग्लोबिन परत बनायला लागतं आणि पेशी वाकड्या व्हायच्या थांबतात. हे सुचलं कुठून, तर 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या जॅनेट वॉटसन नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी बघितलं होतं की सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात वाकड्या पेशी फारच कमी असतात. तिथून शटरवाला सापडेपर्यंत साठ वर्षं गेली, 2008 मध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या टीमने तो पकडला.

उपचाराचा गुण येतो का? येतो. परवानगी देताना ज्या 31 जणांचे निकाल पुरेसे दिवस बघून झाले होते त्यातल्या 29 जणांना सलग किमान एक वर्ष एकही मोठी क्रायसिस (दुखण्याचा झटका) आली नाही. अमेरिकेत सगळ्यात आधी, 2019 मध्ये, हा उपचार घेतलेल्या व्हिक्टोरिया ग्रे या मिसिसिपीच्या बाई, त्या नंतर जाहीर सभांमध्ये स्वतःची गोष्ट सांगायला लागल्या.

आपल्याकडचं काय? दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने स्वतःची क्रिस्पर कात्री तयार केलीय आणि तिच्यावर बेतलेल्या सिकलसेलच्या उपचाराला बिरसा मुंडांच्या नावावरून 'बिरसा 101' नाव दिलंय, नोव्हेंबर 2025 मध्ये ते जाहीर झालं, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करारही झालाय. मला मनापासून आनंद झाला ते वाचून. पण जाहीर झालं म्हणजे उद्या जिल्हा रुग्णालयाच्या खिडकीवर मिळेल असं नाही, मधे माणसांवरच्या चाचण्या असतात आणि त्या घाईत उरकू नयेत हेच बरं. कोणी एजंट 'बिरसाचं इंजेक्शन देतो, ॲडव्हान्स द्या' म्हणाला तर सरळ हाकलून द्या.

मग आज काय? ताई, तुमच्या पूर्ण पत्रात एक शब्द कुठेच नाहीये, हायड्रॉक्सीयुरिया. मुलगा घेतो का ते? साधी कॅप्सूल आहे, सरकारी दवाखान्यात मिळते आणि ती पण बऱ्याच अंशी तेच शटर थोडं उघडं ठेवायचं काम करते! अठरा कोटीच्या उपचाराची गरीब चुलत बहीण म्हणा हवं तर. रोज घ्यावी लागते, दुखल्यावर नाही. लोक इथेच चुकतात, दुखलं की चार दिवस घेतली, बरं वाटलं की बंद. परिणाम दिसायला महिने लागतात आणि मधेमधे रक्त तपासून डोस ठरवावा लागतो, म्हणून डॉक्टरांच्या हातूनच घ्या, मेडिकलवाल्याच्या नाही. सोबत फॉलिक ॲसिड, न्यूमोनियाची लस झालीय का ते बघा, पाणी भरपूर, थंडीत विहिरीवर आंघोळ नको. आणि ताप आला की 'सकाळी बघू' नाही, त्याच रात्री दवाखाना.

अजून एक, त्याला सख्खं भावंड आहे का? बोनमॅरो ट्रान्सप्लांट हा उपचार क्रिस्परच्या कितीतरी आधीपासून आहे, भारतात होतो आणि भावंडाची मज्जा पूर्ण जुळली तर आजार जाऊ शकतो. जुळायची शक्यता चारात एक. भावंड एएस असलं तरी देऊ शकतं, हे पुष्कळांना माहितच नसतं. त्यातही केमो आहे, धोका आहे, खर्च आहे, पण तो आज विचारायचा प्रश्न आहे, दहा वर्षांनी विचारायचा नाही.

"आम्ही दोघं एकमेकांना पसंत आहोत, साखरपुडा ठरलाय. कॉलेजच्या शिबिरात तपासणी झाली होती तेव्हा दोघांचीही सिकलसेल पॉझिटिव्ह आली. त्याच्या घरचे म्हणतात मोडा. माझी मावशी म्हणते चार मुलांत एकच आजारी होतं, तीन चांगली होतात, करा लग्न. कोणाचं ऐकू?" (यवतमाळ)

अगं आधी मला सांग, पॉझिटिव्ह म्हणजे काय? शिबिरात जी होते ती सोल्युबिलिटी टेस्ट. मी पंधरा वर्षं रक्ताच्या लॅबमध्ये काढलीयत, ही टेस्ट हजारो वेळा केलीय. छोट्या नळीत द्रावण घेऊन त्यात थेंबभर रक्त टाकायचं, पाचेक मिनिटांनी नळीच्या मागे छापलेल्या काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. ताकासारखं गढूळ होऊन रेघा गायब झाल्या तर पॉझिटिव्ह. पण ते गढूळ एएसमध्येही होतं आणि एसएसमध्येही होतं! नळी एवढंच सांगते की एस आहे, एक आहे की दोन ते नाही सांगत. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करावं लागतं, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघणाऱ्या लॅबच्या तपासण्या. मी एका ठिकाणी कामाला होते तिथे नुसत्या नळीवर 'सिकलसेल पॉझिटिव्ह' असा शिक्का मारून कागद हातात द्यायचे, आणि त्या शिक्क्यावर किती सोयरिकी मोडल्या असतील देव जाणे. एका मुलीचा कागद तर मी स्वतः टाइप केलेला, ती साधी एएस निघाली सहा महिन्यांनी, तोवर पाहुणे परत गेलेले. मी तेव्हा बोलले नाही, नवीन होते. असो.

तर दोघांनी एचपीएलसी करा. गेल्या तीन-चार महिन्यांत कोणाला रक्त चढवलं असेल तर ते आधी सांगा, नाहीतर रिपोर्टमध्ये रक्तदात्याचं हिमोग्लोबिन दिसतं आणि सगळा घोळ होतो.

समजा दोघं एएस निघालात. आता मावशीचा हिशोब. चारात एक हे बरोबर, पण ते प्रत्येक बाळंतपणाला नव्याने लागू होतं. पहिलं एसएस झालं म्हणून पुढची तीन वाचली असं नसतं. नाणं उडवताना मागचं विसरतं तसं. दरवेळी पंचवीस टक्के एसएस, पन्नास टक्के तुमच्यासारखं एएस, पंचवीस टक्के पूर्ण मोकळं. मी अशी घरं बघितलीयत जिथे तिन्ही मुलं एसएस आहेत आणि अशीही जिथे पाचात एकही नाही. मावशीला सांग, तिचा सरासरीचा हिशोब बरोबर आहे, पण मुलं सरासरीने जन्माला येत नाहीत.

त्याच्या घरच्यांचं 'मोडा' हेही मला पटत नाही. दोघंही एएस असताना लग्न करणारी जोडपी आहेत आणि त्यांच्यापुढे रस्ता आहे. दिवस राहिले की दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या आसपास वारेचा बारीक तुकडा घेऊन किंवा सोळाव्या आठवड्याच्या पुढेमागे गर्भजल काढून बाळ एसएस आहे का ते कळतं. हे नोंदणी झालेल्या सेंटरमध्ये कायदेशीर आहे, मुलगा-मुलगी सांगणं तेवढं गुन्हा. त्यापुढे काय करायचं ते तुम्ही दोघांनी आणि डॉक्टरांनी ठरवायचं, सासूने नाही, मी नाही. फक्त ते सेंटर कुठे आहे, जायला किती वेळ लागतो हे लग्नाआधी शोधून ठेवा, कारण आपल्याकडे बायका दवाखान्यात नाव घालायला पाचव्या महिन्यात जातात आणि मग हातात वेळच उरत नाही.

लग्न कर की नको हे मी सांगणार नाही. पण एचपीएलसीच्या कागदाशिवाय दोघांपैकी कोणीच काही ठरवू नका.

"मी एएस आहे. पोलीस भरतीची तयारी करतोय, ग्राउंडवर धावू का?" (नंदुरबार)

धाव रे दादा. एएस म्हणजे आजारी नाही. फक्त कडक उन्हात पाणी न पिता जीव तोडून धावू नकोस, सराव हळूहळू वाढव आणि लघवी लाल किंवा कोकाकोलासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखव. ग्राउंडवर बाटली सोबत ठेव.

"आमच्याकडे म्हणतात हा आदिवासींचा आजार आहे. आम्ही आदिवासी नाही तरी आमच्या घरी कसा?" (नागपूर)

रक्त जातीचा दाखला बघून लाल होत नाही हो. भारतात याची पहिली नोंद 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली म्हणून ते लेबल चिकटलं, पण विदर्भात अनुसूचित जाती आणि ओबीसी समाजातही तो भरपूर आहे.

खरं कारण डास! जिथे हजारो वर्षं मलेरिया होता तिथे हा बदल टिकला. ॲलिसन नावाच्या डॉक्टरने 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या मुलांवरून दाखवलं की ज्याच्याकडे एक एस आहे त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणजे जंगलपट्ट्यात, मलेरियाच्या काळात, एएस मूल जगलं, एएवालं गेलं आणि एसएसवालंही गेलं. तुमचे पणजोबा कदाचित त्या एका एसमुळेच वाचले असतील आणि तुम्ही मला पत्र लिहू शकलात. लाज कशाची वाटायची त्यात?

"मुलाची लाळ पाठवून डीएनए टेस्ट करणाऱ्या कंपन्या आहेत. कोणता खेळ, कोणतं करिअर, कोणता आहार सगळं कळतं म्हणे. पंधरा हजारात देतायत. घ्यावी का?" (पुणे)

नको. सिकलसेलमध्ये एक अक्षर, एक आजार, सरळ हिशोब आहे. उंची, बुद्धी, क्रिकेट यात हजारो अक्षरांचा थोडा थोडा वाटा असतो, त्यात आईचा डबा, शाळेचं मैदान आणि नशीब मिसळतं. शिवाय या टेस्टमधले स्कोअर ज्या अभ्यासांवरून काढतात त्यातली बहुतेक माणसं युरोपीय वंशाची, ते आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपला डेटा आत्ता कुठे जमायला लागलाय, जीनोम इंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांचा पूर्ण जीनोम (म्हणजे वरची ती तीनशे कोटी अक्षरं) वाचून झाला आणि जानेवारी 2025 मध्ये तो संशोधकांसाठी खुला केला. आणि तुमची लाळ कोणाच्या हातात जातेय तेही बघा, अमेरिकेतल्या 23अँडमी या मोठ्या कंपनीने मार्च 2025 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा कोट्यवधी लोकांच्या डीएनएचं आता काय, यावर गदारोळ झाला होता. पंधरा हजारात मुलाला वर्षभर पोहायला घाला.

"केजे नावाच्या बाळाला खास त्याच्यासाठी बनवलेला जीन उपचार दिला हे इथे खूप गाजलं. मग सिकलसेलला का नाही? आणि सरळ गर्भातच दुरुस्त का करत नाहीत, पिढ्यान्पिढ्यांची कटकट जाईल!" (एडिसन, न्यू जर्सी)

केजेची गोष्ट मी दोनदा वाचली, खरंच डोळ्यात पाणी आलं. सीपीएस1 नावाचं एन्झाइम कमी पडण्याचा दुर्मिळ आजार, अमोनिया डोक्यात चढतो, त्यातली निम्मी बाळं लहानपणीच जातात. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलने फक्त त्या एका बाळाचं चुकलेलं अक्षर बदलणारं औषध सहा महिन्यांत बनवलं आणि फेब्रुवारी 2025 मध्ये पहिला डोस दिला. ते मात्र खरोखर शिरेतून दिलेलं औषध होतं. मला वाटतं भंडाऱ्याच्या ताईंच्या भाच्याने जो व्हिडिओ पाठवला त्यात ह्या दोन गोष्टींची खिचडी झालीय.

फरक जागेचा आहे. केजेचा आजार यकृतातला. चरबीच्या बारीक थेंबात भरलेलं औषध शिरेत सोडलं की ते आपोआप यकृतातच जाऊन बसतं, तिथे पोचवणं सोपं. रक्ताच्या मूळ पेशी हाडांच्या आत, तिथवर नेमकं पोचवणं अजून जमलेलं नाही, म्हणून पेशी बाहेर काढा, केमो द्या, परत घाला हा सगळा खटाटोप. त्यावर काम चालूय आणि ते जमलं तर सिकलसेलची किंमत धाडकन खाली येईल.

गर्भाचं विचाराल तर चीनमध्ये हे जियानकुई नावाच्या शास्त्रज्ञाने (हो, आडनावच 'हे' आहे) 2018 मध्ये भ्रूणाचे जीन बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्याचं जाहीर केलं, सगळ्या जगाने शिव्या घातल्या आणि त्याला तीन वर्षांची कैद झाली. कात्री चुकून भलतीकडे चालली तर ती चूक त्या मुलींच्या नातवंडांपर्यंत जाणार आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं. भारतातही आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमांनी याला बंदी आहे.

याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही म्हणून सांगते. कॅसगेव्ही घेतलेला माणूस बरा झाला तरी त्याच्या वीर्यात किंवा तिच्या स्त्रीबीजात एस तसाच असतो. रक्त बदललं, वारसा नाही. त्याने एएसशी लग्न केलं तर मुलांत एसएसची शक्यता पन्नास टक्के. म्हणजे अठरा कोटी खर्चूनही पुढच्या पिढीला यवतमाळच्या मुलीचा तोच एचपीएलसीचा कागद लागणारच आहे.

"मॅडम मी आशा आहे. आमच्या गावात एका एएस जोडप्याचं दोन महिन्यांचं बाळ आहे, नळीची टेस्ट निगेटिव्ह आली, आईबापाने गावात पेढे वाटले. पण मला काही तरी चुकतंय असं वाटतंय." (गडचिरोली जिल्हा)

तुम्हाला बरोबर वाटतंय बाई, आणि इतक्या डॉक्टरांच्या पत्रांत हा प्रश्न एकानेही विचारला नाही.

वर भंडाऱ्याच्या ताईंना सांगितलेलं ते बाळपणीचं हिमोग्लोबिन आठवा. दोन महिन्यांच्या बाळात ते अजून भरपूर असतं, शटर पूर्ण पडलेलं नसतं. त्यामुळे बाळ एसएस असलं तरी नळी गढूळ होत नाही, रेघा छान दिसतात आणि आपण निगेटिव्ह लिहून मोकळे होतो. ज्याच्यासाठी तिकडे अठरा कोटी मोजतात तेच हिमोग्लोबिन इथे आजार लपवून ठेवतं! सहा महिन्यांच्या आतल्या बाळावर नळी वापरायचीच नाही. टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन एचपीएलसीला पाठवता येतात, चंद्रपूरला आयसीएमआरचं याच आजारांचं सेंटर आहे, तुमच्या पीएचसीच्या डॉक्टरांना सांगून सॅम्पल कुठे जातं ते विचारा.

पेढे वाटलेत त्या घरी जाणं अवघड आहे, माहितेय मला. टेस्ट चुकली असं म्हणू नका, बाळ लहान होतं म्हणून अर्धीच झाली, उरलेली करायचीय असं सांगा. आणि रिपोर्ट येईपर्यंत आईला दोन गोष्टी शिकवून ठेवा. ताप आला तर थांबायचं नाही. आणि रोज आंघोळ घालताना डाव्या बरगडीखाली बोटं फिरवून बघायचं, पानथरी (प्लीहा) अचानक मोठी, टणक लागली किंवा बाळ एकदम पांढरंफटक पडलं तर घरी थांबायचं नाही, 108 ला फोन करायचा. ती बोटं कशी फिरवायची ते तिच्या हाताला धरून एकदा दाखवा, नुसतं सांगून कळत नाही.